गुप्तचर खात्यांचा कायदा त्याच खात्यांनी तपासायचा का?

सुरुवातीलाच सांगून टाकतो. देशातली गुप्त माहिती काढणारी आयबी, परदेशातली काढणारी रॉ आणि तांत्रिक साधनांनी टेहळणी करणारी एनटीआरओ या तिन्ही संस्था आपल्या करातून चालतात आणि तिघींपैकी एकीसाठीही संसदेनं स्वतंत्र कायदा केलेला नाही. काम काय, अधिकार कुठपर्यंत, चुकलं तर जाब कुणाला द्यायचा, यातलं काहीच कुठल्या ॲक्टमध्ये लिहिलेलं सापडत नाही. आयबीचं मूळ 1887 सालचं, इंग्रजांच्या काळातलं, रॉ 1968 मध्ये आयबीतून वेगळी काढली, एनटीआरओ कारगिलनंतरच्या सुधारणांमधून 2004 मध्ये आली, आणि हे सगळं सरकारी आदेशांवर झालं. आपल्या गावातली साधी पतसंस्था घ्या, तिला सहकार कायदा लागू, नोंदणी लागते, दरवर्षी ऑडिट लागतं, सभासद सभेत उभा राहून हिशोब मागू शकतो. आणि माझा फोन ऐकू शकणाऱ्या संस्थेला यातलं काहीच लागू नाही.

असा कायदा हवा हे म्हणणारे बरेच झालेत आणि त्यात आयबी-रॉमधून निवृत्त झालेली माणसंही आहेत, त्यामुळे तेवढंच पुन्हा लिहायला मी बसलेलो नाही. माझा मुद्दा त्याच्या पुढचा आहे आणि त्यावर आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही. कायद्याचा मसुदा तयार झाला की तो तपासायला कुणाकडे जातो? तो जातो सरकारी खात्यांकडे. कुठल्या खात्यांकडे, तर ज्यांच्या हाताखाली या संस्था आहेत त्यांच्याचकडे. आयबी गृहखात्याखाली, रॉ कॅबिनेट सचिवालयाखाली, एनटीआरओ राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांच्या देखरेखीखाली. ज्याच्यावर लगाम घालायचा त्यानंच लगामाचं माप द्यायचं अशी ही व्यवस्था आहे, आणि ती बदलल्याशिवाय कितीही चांगला मसुदा आणला तरी बाहेर पडताना त्यात काही उरणार नाही असं माझं ठाम मत आहे.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. कुणीतरी लगेच म्हणेल की राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत, केंद्राच्या यादीत आठव्या क्रमांकावर केंद्रीय गुप्तवार्ता आणि अन्वेषण विभागाचा उल्लेख आहे, मग कायदा नाही कसं म्हणता. पण त्या नोंदीचा अर्थ एवढाच की या विषयावर कायदा करायचा अधिकार संसदेचा आहे. संसदेनं तो वापरलाय कुठे? आयबीचं नाव आपल्या कायद्यांत कुठे कुठे येतं ते शोधलं तर चित्र बघण्यासारखं आहे. 1985 चा एक कायदा आहे, गुप्तचर संस्थांमधल्या कर्मचाऱ्यांच्या हक्कांवर मर्यादा घालणारा, म्हणजे युनियन करायची नाही, पेपरवाल्यांशी बोलायचं नाही वगैरे. मग 2005 चा माहिती अधिकार कायदा, त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आयबी आणि रॉ आहेत, कशासाठी तर माहिती द्यावी लागू नये म्हणून, भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांची प्रकरणं तेवढी सोडून. आणि मग 20 डिसेंबर 2018 चा गृहखात्याचा आदेश, ज्यात कॉम्प्युटरमधला डेटा बघायची परवानगी 10 संस्थांना दिली, त्यात या दोघी आहेत. सूट द्यायची असली की नाव येतं, परवानगी द्यायची असली की नाव येतं, जबाबदारी टाकणारं एक कलम कुठे सापडत नाही.

कायदा नसण्याचा धोका कोर्टात एकदा उघडा पडलेला आहे. 6 नोव्हेंबर 2013 ला गुवाहाटी हायकोर्टानं सांगितलं की सीबीआय ज्या 1963 च्या गृहखात्याच्या ठरावानं उभी राहिली तो ठराव म्हणजे कायदा नव्हे, त्यामुळे ही संस्थाच वैध नाही. तीनच दिवसांत सुप्रीम कोर्टानं त्याला स्थगिती दिली आणि सीबीआय आजही त्या स्थगितीवर काम करतेय. सीबीआयकडे निदान 1946 चा दिल्ली स्पेशल पोलिस एस्टॅब्लिशमेंट ॲक्ट तरी आहे दाखवायला. आयबीकडे तेही नाही. आणि 2017 च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, त्यात हात घालायचा तर आधी कायदा हवा, मग गरज हवी, मग गरजेएवढाच हात घालायचा, असं स्पष्ट सांगितलं. पहिल्याच पायरीवर आपल्या गुप्तचर संस्था अडकतात.

आता फाईल कशी फिरते ते बघा, कारण खरी गंमत सोडा, खरा प्रश्नच तिथे आहे. केंद्र सरकारच्या कामकाजाचे 1961 चे नियम आहेत. एखादा विषय एकापेक्षा जास्त खात्यांचा असेल तर त्या सगळ्यांशी सल्लामसलत झाल्याशिवाय निर्णय घ्यायचा नाही, आणि कायदा करायचा प्रस्ताव असेल तर विधी खात्याला विचारायचंच. म्हणून मसुद्यासोबत कॅबिनेट नोट बनते, ती संबंधित खात्यांना पाठवली जाते, प्रत्येक खातं आपला अभिप्राय देतं, मूळ खातं त्यावर आपलं म्हणणं लिहितं आणि मग ते सगळं मंत्रिमंडळासमोर. पद्धत म्हणून ही चांगलीच आहे. उद्या गुप्तचर संस्थांचा कायदा आला तर परराष्ट्र खातं विचारेल की दूतावासात बसलेल्या माणसांचं काय, संरक्षण खातं विचारेल की लष्करी गुप्तवार्तेत ढवळाढवळ होणार का, अर्थखातं विचारेल की नवीन पदं किती आणि पैसे कुठून, विधी खातं बघेल की घटनेत बसतंय का. हे प्रश्न विचारायलाच हवेत.

पण या सगळ्या टेबलांवर एकही माणूस असा नाही जो विचारेल की ज्याचा फोन टॅप होणार त्याचं काय. राज्यांकडून कुणी नाही. कोर्टाकडून नाही, विरोधी पक्षाकडून नाही, वकील नाही, पत्रकार नाही. आणि कुठल्या खात्यानं काय लिहिलं ते आपल्याला कधीच कळत नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8(1)(झ) मध्ये मंत्रिमंडळाचे कागद गुप्त आहेत, त्याच कलमात असंही लिहिलंय की निर्णय झाला, विषय संपला की कारणं आणि आधार जाहीर करायचे, पण दुसऱ्या कुठल्याही अपवादात ते बसले तर नाही. आणि गुप्तचर संस्थांच्या बाबतीत अपवाद पुढे करणं अवघड नसतं.

हे मी हवेत बोलत नाहीये, एक मसुदा या प्रवासात कसा बदलत गेला ते आपण सगळ्यांनी बघितलंय. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण, आपल्या मुंबईचे, मुंबई दंगलींच्या चौकशीमुळे महाराष्ट्राला चांगले माहीत असलेले, त्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं जुलै 2018 मध्ये डेटा संरक्षणाचा अहवाल आणि मसुदा दिला. त्या अहवालात त्यांनी साफ लिहिलं की देशातलं गुप्तवार्ता गोळा करण्याचं बरंचसं काम कायद्याच्या चौकटीबाहेर चालतं आणि त्यासाठी संसदेची देखरेख असलेला कायदा करा. त्यांच्या मसुद्यात राज्याच्या सुरक्षेसाठी सूट होती, नव्हती असं नाही, पण ती संसदेनं केलेल्या कायद्याप्रमाणेच घ्यायची, गरज आणि प्रमाण बघूनच, अशी अट होती. मग मसुदा सरकारकडे गेला. डिसेंबर 2019 मध्ये विधेयक म्हणून बाहेर आला तेव्हा कलम 35 मध्ये लिहिलेलं होतं की केंद्र सरकार नुसत्या आदेशानं कुठल्याही सरकारी संस्थेला या कायद्यातून बाहेर काढू शकेल. कायद्याची अट गेली आणि आदेश आला. स्वतः श्रीकृष्णांनी त्यावर जाहीरपणे टीका केली. पुढे संसदेची संयुक्त समिती, 2021 चा तिचा अहवाल, 2022 मध्ये विधेयक मागे, आणि शेवटी 2023 चा कायदा, त्यात कलम 17(2) मध्ये तीच सूट, सरकार ज्या संस्थेचं नाव नोटिफाय करेल तिला.

2018 ते 2019 या मधल्या काळात कुठल्या खात्यानं कुठला शेरा मारला, ती अट काढा असं कुणी लिहिलं, कुणी विरोध केला का, विधी खात्यानं पुट्टस्वामी निकालाची आठवण करून दिली का, यातलं आपल्याला काहीच माहीत नाही. माझ्या मते त्या कायद्यातली सगळ्यात महत्त्वाची दुरुस्ती तीच होती, आणि ती संसदेत विधेयक मांडायच्या आधीच, बंद फायलीत झाली. नंतर 2022 च्या नव्या मसुद्यावर लोकांकडून सूचना मागवल्या तेव्हा खात्यानं आधीच सांगून टाकलं की आलेल्या सूचना जाहीर करणार नाही. म्हणजे लोकांनी लोकांच्या कायद्यावर लिहिलेलं लोकांनाच वाचायला मिळणार नाही! मला या गोष्टीचा अजूनही संताप येतो.

त्याच श्रीकृष्ण अहवालातला एक आकडा मात्र प्रत्येकानं लक्षात ठेवावा असा आहे. फोन टॅप करायची परवानगी केंद्रात गृहसचिव देतात. ती बरोबर होती की नाही हे तपासायला एक आढावा समिती असते, कॅबिनेट सचिव अध्यक्ष, सोबत विधी आणि दूरसंचार खात्याचे सचिव. ही समिती दोन महिन्यांतून एकदा बसते आणि अहवालाप्रमाणे प्रत्येक बैठकीत तिच्यासमोर 15,000 ते 18,000 आदेश असतात. आता हिशोब करा. समजा हे तिघे सकाळी बसले, चहा नाही, जेवण नाही, फोन नाही, सलग आठ तास फक्त हेच काम केलं, तर आठ तासांचे सेकंद होतात 28,800. पंधरा हजार आदेश धरले तरी एका आदेशाला दोन सेकंद सुद्धा मिळत नाहीत. दोन सेकंदात नाव तरी नीट वाचून होतं का? हा माणूस कोण, कशासाठी, किती दिवस, दुसरा मार्ग होता का, हे सगळं त्यात बघायचं असतं. आणि हे तिघे सचिव देशातले सगळ्यात बिझी लोक आहेत. त्यांच्यावर माझा आरोप नाही, कुणालाही हे जमणार नाही. चूक त्या नियमाची आहे, आणि तो नियम फोन टॅपिंगवरच्या 1996 च्या पीयूसीएल निकालानंतर खात्यांनीच बनवला. सुप्रीम कोर्टानं तेव्हा संसदेनं कायदा करेपर्यंत चालवायची तात्पुरती व्यवस्था सांगितली होती, तीच पुढे कायमची झाली. 2024 च्या नव्या टेलिकॉम नियमांतही हीच रचना आहे, सचिवाचा आदेश आणि सचिवांचीच समिती.

आपल्या राज्यातही तेच. मंत्रालयात गृहखात्याचे अप्पर मुख्य सचिव परवानगी देणार आणि मुख्य सचिवांची समिती तपासणार. महाराष्ट्रात 2021 पासून फोन टॅपिंगवरून जो राजकीय धुरळा उडाला तो आठवत असेल, कुणी कुणाचा फोन ऐकला, पुण्यात मुंबईत गुन्हे दाखल झाले, मग सत्ता बदलली आणि हायकोर्टात ते रद्द झाले. त्यात कोण बरोबर होतं यात मला पडायचंच नाही. मला एवढंच दिसतं की नेत्यांना निदान आरडाओरडा करता येतो, विधानसभेत उभं राहता येतं. साध्या माणसाला तर आपला फोन टॅप झालाय हे कळण्याचीच सोय नाही, कारण त्याला नंतरही कळवायचं असं कुठल्याच नियमात नाही.

ज्याला कळलं त्याचं उदाहरण आहे. मुंबईतल्या एका व्यावसायिकाचे फोन 2009 आणि 2010 मध्ये केंद्रीय गृहखात्याच्या तीन आदेशांनी ऐकले गेले, लाचेच्या तपासासाठी. ते प्रकरण मुंबई हायकोर्टात आलं आणि ऑक्टोबर 2019 मध्ये न्यायमूर्ती रणजित मोरे आणि न्यायमूर्ती एन. जे. जमादार यांच्या खंडपीठानं तिन्ही आदेश रद्द केले, कारण टॅपिंगसाठी कायद्याला लागणारं सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यातलं काहीच तिथे नव्हतं, आणि ती रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितली. आदेशाला जवळपास दहा वर्षं झाली होती. आणि हे सुद्धा त्याच्यावर खटला होता म्हणून उघड झालं. ज्यांच्यावर खटलाच होत नाही त्यांचे आदेश त्या दोन सेकंदांच्या ढिगाऱ्यात तसेच पडून राहतात.

आता दुसरी बाजू. लोक म्हणतील संसद आहे ना तपासायला. असायला हवी. पण प्रत्यक्षात काय होतं? 26/11 आपल्या मुंबईवर झालं, आपली माणसं गेली, तो राग आणि ते दुःख मी कमी लेखत नाही. पण एनआयए, म्हणजे राष्ट्रीय तपास संस्थेचा कायदा 16 डिसेंबर 2008 ला मांडला आणि 18 तारखेपर्यंत दोन्ही सभागृहांत पास, कुठल्याही समितीकडे न जाता. पंधरा वर्षांनी, डिसेंबर 2023 मध्ये, टेलिकॉम कायदा, ज्याच्या कलम 20 वर आता सगळं टॅपिंग उभं आहे, तो 18 ला मांडला आणि 21 ला पास, तेही विरोधी पक्षांचे 140 पेक्षा जास्त खासदार निलंबित असताना. एकदा काँग्रेसचं सरकार होतं, एकदा भाजपचं. पंधराव्या लोकसभेत सुमारे 71 टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत ते प्रमाण 16 टक्क्यांवर आलं. मग खात्यांनी जे तपासलं तेच शेवटचं तपासणं ठरतं. सरकारचंच 2014 चं धोरण आहे की विधेयकाचा मसुदा निदान 30 दिवस लोकांसमोर ठेवा, पण तेही बंधनकारक नाही, खात्याला शक्य नाही वाटलं तर कारण लिहून ते टाळता येतं.

असं सगळीकडेच चालतं का? नाही, आणि कॅनडाचं उदाहरण मला यात सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. तिथे हे काम पोलिसांची सुरक्षा शाखा करायची आणि सत्तरच्या दशकात तिनं बेकायदा झडत्या, पत्रं फोडणं, एवढंच काय एक धान्याचं कोठार जाळणं असले प्रकार केले. मॅकडोनाल्ड आयोग बसला, 1981 मध्ये त्याचा अहवाल आला, नागरी गुप्तचर संस्था वेगळी काढा आणि ती कायद्यानं काढा. सरकारनं मे 1983 मध्ये विधेयक आणलं, सी-157. ते खात्यांमधून नीट तपासून आलेलं होतं, सगळ्या रीतसर पायऱ्या चढून. आणि बाहेर पडल्या पडल्या त्यावर चहूबाजूंनी टीका झाली, प्रांतांचे ॲटर्नी जनरल, वकील, नागरी हक्कवाले, सगळे म्हणाले हे अधिकार फार मोकाट आहेत. मग सरकारनं काय केलं, तर सिनेटच्या विशेष समितीकडे दिलं. अध्यक्ष मायकेल पिटफिल्ड, म्हणजे कुणी आंदोलक नव्हे, सरकारी नोकरशाहीत अगदी वरच्या पदावर राहिलेला माणूस. त्या समितीनं सुनावण्या घेतल्या, नोव्हेंबरमध्ये अहवाल दिला, सरकारनं जुनं विधेयक सोडून 1984 च्या सुरुवातीला नवीन आणलं आणि जूनमध्ये ते कायदा झालं. मधे जेमतेम वर्षभर गेलं. त्या एका वर्षात कॅनडा काही बुडाला नाही, आणि संस्था मिळाली ती आधीपेक्षा कितीतरी घट्ट चौकटीत बसवलेली.

ब्रिटनमध्ये एमआय5 1909 पासून आहे आणि कायदा आला 1989 मध्ये, ऐंशी वर्षं तेही आपल्यासारखेच आदेशावर चालले, युरोपियन मानवी हक्क कोर्टाचे निकाल विरोधात जायला लागले तेव्हा हलले. 1994 मध्ये एमआय6 चा कायदा आणि खासदारांची देखरेख समिती. अमेरिकेत सीआयएला 1947 आणि 1949 च्या कायद्यांचा पाया आहे. तिथेही विधेयकं आधी खात्यांमध्ये फिरतात, बजेटचं ऑफिस ती प्रत्येक संबंधित खात्याला पाठवून मत मागवतं. पण तिथे काँग्रेसच्या समित्या स्वतः खात्यांकडून लेखी मत मागवतात, सुनावणीत अधिकाऱ्याला समोर बसवून प्रश्न विचारतात, आणि जुने कागद काही दशकांनी का होईना खुले होतात. आपल्याकडे आणीबाणीनंतर आयबी आणि सीबीआयच्या गैरवापरावर एल. पी. सिंग समिती नेमली होती, तिचा अहवाल आजतागायत प्रसिद्ध झालेला नाही. गुप्त ठेवण्यासारखं त्यात आता उरलंय तरी काय?

राज्यांना बाजूला ठेवून काय होतं तेही आपण एकदा बघितलं. फेब्रुवारी 2012 मध्ये केंद्रानं एनसीटीसी, म्हणजे दहशतवादविरोधी केंद्र, एका आदेशानं काढायचं ठरवलं, आयबीच्या पोटात, आणि त्याला अटक आणि झडतीचे अधिकार सुद्धा. गुप्त माहिती काढणारा आणि अटक करणारा एकच, हे कुठल्याही लोकशाहीत धोक्याचं मानतात. ममता बॅनर्जी, नवीन पटनायक, जयललिता, नितीश कुमार आणि तेव्हा गुजरातचे मुख्यमंत्री असलेले नरेंद्र मोदी, सगळ्यांनी विरोध केला, की पोलिस हा राज्याचा विषय आहे आणि आम्हाला विचारलं नाही. ते केंद्र उभंच राहिलं नाही. त्याची गरज होती की नव्हती यावर वाद होऊ शकतो, मला स्वतःला वाटतं की समन्वयासाठी काहीतरी हवंच होतं, पण दिल्लीतल्या खात्याखात्यांत ठरवून राज्यांवर टाकायची पद्धत चुकली आणि चांगल्या कल्पनेचं नुकसान झालं.

यावर सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप म्हणजे, अहो हे उघडं केलं तर शत्रूला कळेल. मी हा आक्षेप गांभीर्यानं घेतो, कारण सीमेवर आणि सीमेपलीकडे जीव धोक्यात घालून काम करणारी माणसं खरोखर आहेत, त्यांचं नाव कधीच कुठे येत नाही, आणि त्यांचा सोर्स उघडा पडला तर माणूस मरतो. पण कायद्यात सोर्सची नावं नसतात. कायद्यात काय असतं तर संस्थेचं काम कोणतं, परवानगी कुणी द्यायची, किती दिवसांसाठी, रेकॉर्ड किती काळ ठेवायचं, राजकीय पक्षांसाठी वापर करायचा नाही, तक्रार कुठे करायची. यातलं शत्रूला कळून त्याचा काय फायदा होणार? उलट त्या संस्थेतल्या प्रामाणिक अधिकाऱ्याला कायद्याचा आधार लागतो. वरून तोंडी सांगितलं की अमुक नेत्याच्या मागे माणूस लावा, तर आज त्याच्या हातात दाखवायला एक कलम नाही की साहेब, हे माझ्या कामात बसत नाही. आयबीच्या कायदेशीर दर्जाबद्दल कर्नाटक हायकोर्टात याचिका घेऊन गेलेला माणूस आयबीतूनच निवृत्त झालेला अधिकारी होता, यातच बरंच काही आलं.

दुसरा आक्षेप, की ज्यांना या कामातलं कळतं त्यांनीच तपासायला हवं. बरोबर आहे, आणि मी खात्यांना बाहेर काढा असं म्हणतच नाहीये. त्यांनी अभिप्राय द्यावेत, कडक द्यावेत. फक्त ते लपवू नयेत आणि ते शेवटचे नसावेत. ज्या भागात खरोखर ऑपरेशनचा तपशील आहे तो काळा करा, बाकीचं विधेयकाला जोडून सभागृहासमोर ठेवा. गृहखात्यानं एखाद्या कलमाला विरोध केला असेल तर तो विरोध खासदारानं वाचायला नको का?

महाराष्ट्रात आपण याची एक अर्धवट चाचणी घेतलीच आहे. जनसुरक्षा विधेयक आलं, त्यावर केवढं रान उठलं, मग ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं आणि लोकांकडून बारा हजारांहून जास्त हरकती-सूचना आल्या. जुलै 2025 मध्ये ते पास झालं. त्या कायद्याबद्दल माझे आक्षेप आजही आहेत, व्याख्या अजूनही सैल आहेत असं मला वाटतं, आणि एवढ्या सूचनांपैकी किती मनावर घेतल्या हा प्रश्न रास्त आहे. पण मूळ मसुद्यात आणि पास झालेल्यात फरक पडला हे खरं, उद्देशाची वाक्यरचना बदलली, सल्लागार मंडळात कोण असणार हे बदललं. नुसत्या मंत्रालयातल्या टेबलांवर राहिलं असतं तर तेवढंही बदललं नसतं. आणि अंतर्गत सुरक्षेचा विषय लोकांसमोर महिनोन्महिने ठेवून सुद्धा कुठली आपत्ती आली नाही.

केंद्रात सुरुवातीचा मसुदा सुद्धा नव्यानं लिहायची गरज नाही. काँग्रेसचे खासदार मनीष तिवारी यांनी 2011 मध्ये खासगी विधेयक, म्हणजे सरकारनं नव्हे तर खासदारानं स्वतः मांडलेलं, आणलं होतं, आयबी, रॉ आणि एनटीआरओ तिघींसाठी. त्यात देखरेखीची संसदीय समिती होती, लोकपालासारखा स्वतंत्र तक्रार अधिकारी होता, न्यायाधिकरण होतं. त्याच्या आदल्या वर्षी उपराष्ट्रपती हमीद अन्सारी यांनी रॉचेच संस्थापक आर. एन. काव यांच्या नावाच्या व्याख्यानात संसदेची देखरेख हवी असं उघडपणे सांगितलं होतं. पुढे 2012 मध्ये तिवारी मंत्री झाले आणि ते विधेयक मागे पडलं, आणि तसंही 1970 नंतर एकही खासगी विधेयक संसदेत पास झालेलं नाही. कोर्टाकडे जाऊन बघितलं तर 2016 मध्ये सुप्रीम कोर्टानं या संस्थांच्या देखरेखीबद्दलची याचिका फेटाळली. म्हणजे चेंडू संसदेकडेच आहे आणि सरकारनं विधेयक आणल्याशिवाय तो हलणार नाही.

म्हणून महाराष्ट्रातून गेलेल्या 48 लोकसभा खासदारांकडे, पक्ष कुठलाही असो, माझी मागणी अगदी छोटी आहे. येत्या अधिवेशनात गृहमंत्र्यांना लेखी प्रश्न टाका. श्रीकृष्ण समितीनं गुप्तचर संस्थांसाठी जो कायदा सुचवला होता तो कुठल्या खात्याकडे पाठवला, कुणी काय अभिप्राय दिला, आणि 2018 पासून ती फाईल आज कुठल्या टेबलावर आहे. टॅपिंगच्या आढावा समितीच्या गेल्या वर्षभरात किती बैठका झाल्या, किती आदेश समोर आले आणि त्यातले किती रद्द केले. यातलं काहीही सांगितल्यानं एकाही हेराचं नाव बाहेर येत नाही. उत्तर देता येणार नाही असं आलं तर ते कुठल्या कलमाखाली, तेही विचारा, आणि आलेलं उत्तर आपल्या मतदारसंघात मराठीतून छापून द्या.